पुस्तकात आप्पा अजून रागावलेले आहेत

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय हणमंतराव गुरुजी, प्रमुख पाहुणे म्हणून अगत्यानं आलेले सन्माननीय संगप्पा अण्णा, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती खाजाभाऊ, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या रहमतबी वहिनी, वाचनालयाचे पदाधिकारी आणि जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी दानम्मा. मुलींच्या शाळेत गणित शिकवते. भाषण करायची मला सवय नाही. फळ्याकडे तोंड करून बोलायची आहे. त्यामुळे मधेच मी पाठ फिरवली तर समजून घ्या.

माझ्यासारखीला इथं का उभं केलं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "बाई, बाकी कुणाला बोलता येत नाही." मला वाटलं, चेष्टा करतात. व्यासपीठावर एकाहून एक वक्ते बसलेत. मग लक्षात आलं. निमंत्रणपत्रिका पाहा. त्यावर छापलंय, 'ग्रंथप्रेमी व भाषेचे जाणकार'. खाजाभाऊंनी आयुष्यभर नक्की काय केलं ते पत्रिकेत लिहायची कुणाची छाती झाली नाही. कारण ते लिहिलं, तर कुणाकुणाचं पुस्तक कुणी लिहिलं हेही लिहावं लागेल! व्यासपीठावरच्या किती जणांची पुस्तकं आहेत, हे मी विचारत नाही. संगप्पा अण्णा, तुम्ही हसू नका, मी तुमचं नाव घेतलेलं नाही.

लातूर जिल्हा झाला आणि आपल्याकडं पुस्तकांचं पीक आलं. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या. मग प्रत्येक कर्त्या माणसाला वाटू लागलं, आपलंही चरित्र असावं. कुणी डॉक्टर, कुणी सभापती, कुणी कादंबरीकार. ही सगळी मंडळी संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात, खाजाभाऊंच्या खोलीवर जायची. कुणी नुसतं सांगायचं आणि भाऊ लिहायचे. कुणी लिहून आणायचं आणि भाऊ दुरुस्त करायचे. एका कादंबरीत नायिका तिसऱ्या प्रकरणात विहिरीत पडून मरते आणि पुढं नवव्या प्रकरणात पाहुण्यांना पिठलं वाढते. भाऊंनी समासात एवढंच लिहिलं, 'बाई बऱ्या झाल्या का?' लेखकमहाशयांनी म्हणे नायिकेला जिवंत ठेवलं आणि त्या कादंबरीला बक्षीस मिळालं.

मला नवल वाटतं ते या दुरुस्तीचं नाही. मला नवल वाटतं ते हे, की डॉक्टरांचं पुस्तक वाचताना डॉक्टर खाकरल्याचं ऐकू येतं आणि सभापतींचं वाचताना सभापती खुर्ची मागं सरकवतात. आणि खाजाभाऊ कुठंच नसतात. इतक्या माणसांचे आवाज काढणारा हा माणूस स्वतःच्या घरी कोणत्या आवाजात बोलत असेल? मी एकदा वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "घरी? घरी तर ते बोलतच नाहीत. हूं म्हणतात."

त्यांची एक रीत होती. पुस्तक लिहून झालं की छापायला द्यायच्या आधी ते ज्याचं त्याच्या घरी जायचे. सगळ्या घरादाराला बसवायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. स्वतः दाराजवळ बसायचे, हातात पेन, टोपण उघडं. घरचे म्हणाले "छान लिहिलंय", की भाऊ कागद गुंडाळून परत न्यायचे. पुन्हा लिहायचे. "छान म्हणाले म्हणजे ते माझं झालं," असं त्यांचं म्हणणं. आणि घरचं कुणी भांडायला उठलं की मगच पेनला टोपण बसायचं. डॉक्टरांचं पुस्तक दोनदा परत गेलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई उसळल्या, "सायकलवर जात होतात व्हय बाळंतपणं करायला? बैलगाडी होती, अन् हाकायला माझा भाऊ होता!" भाऊंनी टोपण लावलं. पुस्तक झालं.

आता माझ्या आईचं सांगते. तेवढ्यासाठीच मी उभी आहे.

माझी आई गुरम्मा. आम्ही मुखेडचे. माझ्या वडिलांचं, आप्पांचं, तिथं किराणा दुकान होतं. आईला सहीपुरतं लिहिता येत होतं. बहात्तरच्या दुष्काळात मुखेडच्या बाहेर रस्त्याचं काम निघालं, तेव्हा खडी फोडणाऱ्या बायांची तान्ही लेकरं आई बाभळीखाली सांभाळायची. फांदीला लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या. त्या लेकरांची गोष्ट पुस्तकात यावी असं तिच्या मनानं घेतलं. इतर मंडळी लपवतात, आईनं मात्र साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, "मला कुठं लिहिता येतंय? मी बोलून राहिले, खाजाभाऊ लिहून राहिले." म्हणून आज मला इथं बोलायची मोकळीक आहे.

आई-आप्पा लातूरला माझ्याकडं राहायला आले, की आई आणि खाजाभाऊ कामाला बसायचे, आणि ते ऐकत राहावं असं असायचं. आई तांदूळ निवडत बोलायची. भाऊ दुष्काळाबद्दल काही विचारायचेच नाहीत. विचारायचे, "अक्का, त्या दिवशी लुगडं कोणतं नेसला होतात?"

"दुष्काळ पडलाय अन् लुगडं इचारून राहिलात? बरं हाय ना डोस्कं?"

"ठीक आहे. पण कोणतं?"

मग आई थांबायची आणि तिला लुगडं आठवायचं, लुगड्याबरोबर झोळी, झोळीबरोबर लेकरू. पूजेचा विषय निघाला तेव्हा तिनं त्यांना बजावलं, "भस्माची बोटं किती ओढतेत, ते आधी शिका. न्हाई तर आमचे लोक हसतेन मला." भाऊंनी आमच्या देवघराच्या दाराशी बसून आप्पांची पूजा पाहिली. पुस्तकात ती आहे. आमच्या स्वामींनी वाचून विचारलं होतं, कोणत्या मठातले आहेत हे लेखक?

सांगून सगळं झालं आणि त्याच उन्हाळ्यात आई गेली.

आई गेल्यावर आप्पांनी बोलणं सोडलं. उठायचे, पूजा करायचे, ताटात पडेल ते खायचे आणि भिंतीकडं पाहत बसायचे. आम्ही त्यांना कायमचं लातूरला माझ्याकडं आणलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत उत्तम आहे. पण माणूस मात्र आमच्या हातातून जात होता, ते आम्हाला दिसत होतं.

अशात खाजाभाऊ कागद घेऊन आले. मावश्या, भाऊ-भावजय, मुखेडचे शेजारी, सगळे बसले. खाजाभाऊंनी वाचलं. सगळे रडले. आणि सगळे म्हणाले, "छान लिहिलंय." का नाही म्हणणार? गेलेल्या माणसाशी कोण भांडतं? भाऊंनी कागद गुंडाळले. पुढं पुन्हा आले, पुन्हा वाचलं, पुन्हा "छान". मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि म्हणाले, "भाऊ, छापून टाका आता. आईशी भांडणारं कुणी राहिलं नाही."

भाऊ चपला घालत म्हणाले, "आहेत की."

नंतर ते एका दुपारी आले. म्हणाले, कुणाला बोलावू नका. आप्पांसमोर बसून त्यांनी एकच पान काढलं.

त्या पानावर काय होतं ते सांगते. आप्पा गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत, आजही नाहीत. पूजेला पाणी लागतं. त्या दुष्काळात घरात कसलंही पाणी नसलं तरी पूजेचा एक पितळी तांब्या भरलेला असायचा आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. एके दिवशी टँकर आला नाही. झोळीतली लेकरं रडून रडून गप्प झाली. आई घरी आली आणि तिनं दाराशी दिसलेला तो तांब्या उचलून नेला. पुस्तकात आई म्हणते, 'देवाचं पाणी मी लेकरांना पाजलं. हे काही बोलले नाहीत, पण रागानं त्या दिवशी जेवले नाहीत. माझ्या मनाला ते अजून लागून आहे.'

भाऊंनी एवढं वाचलं आणि थांबले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आणि मला आप्पांचा आवाज आला. इतक्या दिवसांनी. मोठ्यानं. ते भाऊंकडं बघत नव्हते, आई तांदूळ निवडायला जिथं बसायची तिथं बघत होते.

"अगं ए! तांब्याला पाय फुटलते काय? देवघरातला तांब्या दाराशी कसा आला? कवा इचार केलास का? मी आणून ठेवलो व्हता. अन् राग कशाचा? पाणी न्हवतं म्हून पूजा न्हवती, पूजा न्हवती म्हून उपाशी व्हतो. रागानं न्हाई. रागानं न्हाई, कळलं का?"

आणि मग ते बोलतच राहिले. जन्मभर जे तिला सांगितलं नव्हतं ते सगळं तिलाच सांगत होते, भांडून भांडून. मी भिंतीला टेकून उभी होते. मला खरंच असं वाटलं, की आता आई उलट उत्तर देणार. या दोन माणसांच्या मधे खाजाभाऊ बसले होते, आणि नव्हतेही. कागदावर त्यांनी तिला इतकं जिवंत करून आणलं होतं, की नवऱ्याला तिच्याशी भांडता आलं. मी गणिताची बाई. मला देवाधर्माचे चमत्कार पटत नाहीत. पण त्या दुपारी मी काय पाहिलं, याला मला अजून दुसरा शब्द सापडलेला नाही.

आप्पा दमून थांबले तेव्हा भाऊंनी हळूच विचारलं, "आप्पा, मग ते बदलू का?"

आप्पांनी हातानं अडवलं. म्हणाले, "नको. तिला तसंच वाटत व्हतं. पुस्तक तिचं हाय. तांब्या तिनंच उचलला, राहू द्या."

भाऊंनी पेनला टोपण लावलं.

पुस्तक निघालं. या वाचनालयात त्याची प्रत आहे. त्या पुस्तकात आप्पा अजून रागावलेले आहेत. पण त्या दुपारपासून ते घरात बोलायला लागले. आता तर गल्लीला नको झालंय. आज ते इथं पहिल्या रांगेत बसलेत, आणि...

काय म्हणता आप्पा?

बसा, बसा. हं. माफ करा मंडळी. आप्पा म्हणतात, पितळी नव्हता, तांब्या तांब्याचाच होता. बरं आप्पा, तांब्याचा. आईनं मात्र पितळी सांगितलं होतं. बघा, पुन्हा उठले.

खाजाभाऊ, तुम्ही कंधारला तुमच्या गावी चाललात. तुमचं नाव असलेलं एकही पुस्तक या कपाटात नाही. पण या कपाटातली माणसं बोलतात. माझी आई बोलते. तुमचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत, आणि ते तुमच्याकडून उसने घेणं आज बरं दिसणार नाही. वहिनी, यांचं 'हूं' आता तुमच्या वाट्याला आलं, ते सांभाळा.

अध्यक्षांनी मला वेळ दिला, वाचनालयानं ही संधी दिली, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल. एरवी चूकभूल पोटात घाला म्हणतात. माझी तेवढी पोटात घालू नका. बाहेर चहा आहे, तिथं येऊन मला सांगा, की बाई, तसं नव्हतं, असं होतं. फक्त छान बोललात म्हणू नका. खाजाभाऊंनी आत्ताच खिशातलं पेन काढलंय, आणि मला दिसतंय, त्याचं टोपण अजून उघडं आहे.

आप्पा, या. तुम्ही बोला.