दारापासून दहा हात

नाव वर लिहून घेतलंच आहे. वय एकोणपन्नास, धंदा शिवणकाम, राहणार वडिलांच्या घरी, कारण त्यांचं करायला दुसरं कोणी नाही. समक्ष हजर राहून सांगते की,

वडील अंथरुणाला खिळून आहेत. मधल्या लांब खोलीत भिंत घालून वाटे करून द्या, म्हणून माझे दोघे भाऊ त्यांच्या मागे लागले होते. शुक्रवारी वैतागून वडील म्हणाले, "घाला दारापासून दहा हातांवर." उभा जन्म त्यांनी कापड हातानेच मोजून विकलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात.

थोरला गणिताचा मास्तर. दाराकडचा वाटा त्याचा. त्याने जुन्या हिशोबाने एका हाताची चोवीस आडवी बोटं धरली आणि बोट म्हणून स्वतःचं लावलं. ते चांगलं पोसलेलं आहे. हात वीस इंचांचा झाला. धाकट्याने मोबाइलमध्ये बघून अठरा सांगितले. दहा हातांत वीस इंचांचा फरक पडला आणि त्यात खोलीची एकुलती एक खिडकी सापडली. खिडकीवर दोघांनी हक्क सांगितला. खिडकीखालच्या वडिलांच्या खाटेवर कोणी सांगितला नाही.

मी म्हणाले, "ज्यांचा हात ते इथेच पडलेत. त्यांचाच मोजा की." टेपही माझीच दिली आणि मशीनवर जाऊन बसले.

वडिलांची बोटं संधिवाताने वाकलेली. माप वाढावं म्हणून थोरला ती ओढून सरळ करू लागला. माप वाढू नये म्हणून धाकट्याने मनगट दाबून धरलं. दोघेही अगदी प्रेमाने "बाबा, जरा सैल सोडा" म्हणत होते. मी उठून जाईपर्यंत मनगट मोडलं होतं.

दवाखान्यात थोरल्याने सांगितलं, बाबा न्हाणीघरात पाय घसरून पडले. न्हाणीघरात त्यांना मी उचलून नेते. धाकट्याला प्रश्न पडला, हात आता प्लास्टरसकट धरायचा की प्लास्टर वजा करून. तेव्हा वडील म्हणाले, "दारापासून दहा हात म्हणालो. आत की बाहेर, ते विचारलंत कुठे? बाहेर मोजा. दोघांनीही."

घर त्यांच्या नावावर आहे.

हवालदारांनी लिहिलेलं मला वाचून दाखवलं. त्यात 'पाय घसरून' हे शब्द भावांनी आधीच सांगून ठेवलेले होते, ते खोडायला लावले. बाकी मी बोलले तसंच उतरलं आहे. सही करते.