नऊ वाट्यांच्या मधली जागा

मिर्योंग – आणि मी वाढणार नाही, आई. करायला सांगा, सगळं करून देते. पण शनिवारी किसॉकच्या समोर बसून त्याला ‘आणखी घे’ म्हणायला मला सांगू नका.

ओकबुन – आधी गॅस बारीक कर. काळे सोयाबीन मोठ्या आचेवर ठेवले की सोया सॉस आटतो आणि दाणा आतून कच्चाच राहतो.

मिर्योंग – केला बारीक. तुम्ही मला न विचारता बोलावलंत त्याला.

ओकबुन – बोलावलं नाही. त्याचा देगूहून फोन आला. म्हणाला, बायको आणि मुलीला घेऊन बंदराकडे येतोय, दारात उभ्या उभ्या नमस्कार करून जाईन. अकरा वर्षांनी माणूस दारात येणार आणि जेवल्याशिवाय जाणार? मी म्हटलं, दुपारी जेवायलाच या.

मिर्योंग – माझ्या नवऱ्याला, तुमच्या मानसूला, ज्यानं समुद्रात नेऊन बुडवलं, त्याला?

ओकबुन – ती सुकी मांदेली दे इकडे. डोकी मोडून झाली का?

मिर्योंग – झाली. नुसती बोलत नव्हते मी.

ओकबुन – तुझा हात चालतो, बाई, त्यात वाद नाही. आता ही कोरडीच परतून घे, वास गेला की मग तेल घाल. मांदेली आणि सोयाबीन आज, म्हणजे गुरुवारी. केन्निपची वासाची पानंही आजच मसाल्यात लावू, दोन दिवस मुरली की देठसुद्धा मऊ होतात. कमळकाकडी उद्या. पालक आणि मोडाचं कडधान्य शनिवारी सकाळी, नाहीतर पाणी सुटतं.

मिर्योंग – माहीत आहे मला.

ओकबुन – कसं माहीत असेल? या घरात पाहुण्यांसाठी म्हणून तू कधी काही केलंच नाहीस. त्या वेळेनंतर कुणी आलंच नाही जेवायला.

मिर्योंग – आलं नाही की तुम्ही येऊ दिलं नाही? माझ्या हावोनच्या मैत्रिणींनासुद्धा तुम्ही बाहेरच खाऊ घालता. बिचारी पोर बारा वर्षांची झाली, तिला वाटतं आपलं घर लहान आहे म्हणून.

ओकबुन – मागचं दार लावू नकोस.

मिर्योंग – वारा येतोय.

ओकबुन – येऊ दे. तो तिथं उभा आहे.

मिर्योंग – कोण?

ओकबुन – मानसू. सोया सॉस चुलीवर चढवला तेव्हापासून उभा आहे. त्याच पिवळ्या बुटांत. आत येत नाही. लहानपणी पाय ओले असले की असाच उंबऱ्याशी थांबायचा, मी फडकं टाकेपर्यंत.

मिर्योंग – आई, असलं काही बोलू नका. तुम्ही काल रात्री झोपला नाहीत, मला ऐकू येत होतं.

ओकबुन – तिथली फरशी बघ.

मिर्योंग – ओली आहे. मी आत्ता तिथं पालेभाजीची टोपली निथळत ठेवली होती.

ओकबुन – बरं. टोपलीचं पाणी असेल.

मिर्योंग – मी पुसून घेते.

ओकबुन – नको. बस इथं. पानं लावायला घे. एकेक पान उचल, त्यावर मसाला चमच्याच्या टोकानं, मग दुसरं पान. मला तुला एक सांगायचंय आणि ते त्याच्या देखत सांगायचंय.

मिर्योंग – मला भीती वाटते अशी तुमची.

ओकबुन – तुला त्या वर्षीचं आठवतं? हावोनचा पहिला वाढदिवस. तुझे आई-वडील जनजूहून यायचे होते.

मिर्योंग – आठवतं का म्हणून विचारता?

ओकबुन – जनजूची माणसं. तुमच्याकडे ताट म्हणजे पाट दिसत नाही इतक्या वाट्या. लग्नात तुझ्या मावशीनं मला विचारलं होतं, तुमच्याकडे बंदरावर मासे सोडून आणखी काय करतात हो? हसत विचारलं होतं, पण मी ते तीन वर्षं गिळून बसले होते. म्हणून त्या वेळी चार दिवस आधीपासून लागले. तू तापलेल्या पोरीला घेऊन आतल्या खोलीत होतीस. मी एकटीनं नऊ प्रकार केले. नऊ वाट्या मांडून बघितल्या. आणि मधे ठेवायला काही नव्हतं.

मिर्योंग – मासा.

ओकबुन – तांबडा दोम. अख्खा, वाफवलेला, वर अंड्याच्या पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्या. बाजारात होता, पण बर्फातला, डोळे बसलेले. तुझ्या आईला ते एका नजरेत कळलं असतं. मी मानसूला म्हटलं, उद्या पहाटे जा आणि एक आण.

मिर्योंग – तुम्ही सांगितलंत त्याला?

ओकबुन – तो म्हणाला, उद्या वारा उलटणार आहे, आई. परवा जातो. मी म्हटलं, परवा पाहुणे जेवून घरी गेलेले असतील.

मिर्योंग – किसॉक आला होता पहाटे. मी त्याचा आवाज ऐकला होता. तोच बोलवायला आला होता.

ओकबुन – तो नको म्हणायला आला होता. अंगणात उभं राहून सांगत होता, दादा, आज एकही होडी सुटलेली नाही. मानसू माझ्याकडे बघत होता. मी एक शब्द बोलले असते तर बूट काढले असते त्यानं. मी आत जाऊन भांडी आवरायला लागले. मग किसॉक म्हणाला, एकट्याला नाही सोडत. आणि गेला त्याच्याबरोबर.

मिर्योंग – मी बंदरावर त्याची कॉलर धरली होती.

ओकबुन – हो.

मिर्योंग – सगळ्यांसमोर. त्याच्या अंगावर अजून दुसऱ्या होडीवाल्यांनी दिलेलं पांघरूण होतं. मी म्हटलं, तूच नेलंस, तूच बुडवलंस.

ओकबुन – मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मी तोंड उघडलं नाही. त्यानंतर त्याला कुणी होडीवर घेईना. त्याची आई गेली तेव्हा खांदा द्यायला चार माणसं जमेनात. तू म्हणालीस जायचं नाही, आणि मी गेले नाही.

मिर्योंग – आणि त्या नऊ वाट्या...

ओकबुन – शोधायला गेलेल्या माणसांनी खाल्ल्या. येऊन जाऊन जेवत होते ना तीन दिवस.

मिर्योंग – मी वाढल्या. माझ्या हातांनी. म्हणत होते, आईंनी किती निगुतीनं केलंय बघा, खा.

ओकबुन – पानं चुरगळू नकोस.

मिर्योंग – अकरा वर्षं मी तुमच्या हातचं जेवतेय. माहेरचे मला येऊन राहा म्हणत होते, मी म्हटलं, आई एकट्या पडतील. तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं. शिव्या दिल्या असत्या, निघून गेले असते. पण त्या माणसाला गाव सोडावं लागलं नसतं.

ओकबुन – तू निघून गेली असतीस म्हणूनच नाही सांगितलं. पोरीला घेऊन गेली असतीस.

मिर्योंग – मग आज का?

ओकबुन – किसॉक फोनवर म्हणाला, काकू, मला वहिनींची माफी मागायचीय. मुलीला आता सगळं समजायला लागलंय, तिच्यासमोर एकदा मागून मोकळा होतो. तो माफी मागणार आणि मी त्याच्या पुढ्यात वाट्या सरकवत बसणार? एवढं मला जमणार नाही.

मिर्योंग – मी तुम्हाला माफ केलं असं म्हणणार नाही.

ओकबुन – मी माफी मागितलीच नाही.

मिर्योंग – मानसू अजून दारात आहे का?

ओकबुन – आहे. आता तुझ्याकडे बघतोय.

मिर्योंग – मला का दिसत नाही? मी काय केलं होतं?

ओकबुन – तुला बघायला येतच असेल कधी. माझ्याकडे तो वाट बघायला येतो. मी काय बोलते त्याची.

मिर्योंग – तुमचा फोन द्या. किसॉकचा नंबर त्यात असेल.

(फोन लागतो. सोयाबीनचा रस खदखदतो आहे.)

किसॉक – काकू?

मिर्योंग – मी मिर्योंग.

किसॉक – वहिनी. शनिवारी नको असेल तर तसं सांगा. मला वाईट वाटणार नाही.

मिर्योंग – एक विचारते. त्या दिवशी समुद्रावर जायचं कोण म्हणालं?

किसॉक – मीच. तुम्ही बंदरावर म्हणालात तेच खरं आहे.

मिर्योंग – आई माझ्या शेजारी बसल्यात, किसॉक. त्यांनी सांगितलं.

किसॉक – कशाला सांगितलं त्यांनी?

मिर्योंग – तू इतकी वर्षं का नाही सांगितलंस? तुझं सगळं गेलं त्यात.

किसॉक – दादानं सांगितलं होतं. होडी उलटल्यावर आम्ही दोघं एकाच तरंगणाऱ्या डब्याला धरून होतो. डबा दोघांना पेलत नव्हता. तो म्हणाला, आईनं पाठवलं हे कुणाला कळू देऊ नकोस, ती जगायची नाही. मला वाटलं, दम टिकवायला काहीतरी बोलतोय. मी हो म्हटलं. मग बघितलं तर पलीकडे त्याचा हात नव्हता.

मिर्योंग – त्यानं स्वतःच सोडला?

किसॉक – वहिनी, हे तुम्हाला सांगायला नको होतं मी.

मिर्योंग – थांब. मी आवाज मोठा करते. आईंना परत एकदा सांग.

किसॉक – नको, वहिनी.

ओकबुन – ऐकलं मी. या फोनमधलं सगळं बाहेर ऐकू येतं.

किसॉक – काकू...

ओकबुन – डबा दोघांना पेलत नव्हता?

किसॉक – नाही, काकू.

ओकबुन – आणि तो घाबरला होता का?

किसॉक – थंडी वाजत होती त्याला. घाबरलेला वाटला नाही.

मिर्योंग – शनिवारी ये. माफीबिफी काही नको. मी वाढेन.

किसॉक – हो, वहिनी.

ओकबुन – किसॉक, तुझी मुलगी तिखट खाते का?

किसॉक – अजून नाही, काकू. किमचीचं तिखट पाण्यात धुऊन देतो तिला.

ओकबुन – बरं. मग मी तिच्याजवळ पाण्याची वाटी ठेवीन.