सात फुटी दार

बोईसरच्या इंटिरियरच्या दुकानात अर्चना आपल्या किचनसाठी नंबर लावून बसली होती. तिच्यापुढे चिंचणीचे एक म्हातारे काका डोळ्यांवर व्हीआरचा भलामोठा चष्मा चढवून उभे होते. दुकानातली पोरगी त्यांना त्यांचंच घर, दुरुस्तीनंतर दिसेल तसं, फिरवून दाखवत होती.

"या काका, पुढे या. हे तुमचं नवं दार."

काका पुढे सरकले आणि एकदम वाकले. अर्चनाला हसू आलं.

"वाकलात का? दार सात फुटी केलंय आता."

"सवय हाय गं. जुनी चौकट रोज कपाळात बसते."

"म्हणून तर तुमच्या मुलानं, केदारदादांनी, उंच करायला सांगितलं."

"त्याला बरं दुबईत बसून माजं कपाळ दिसतंय!"

"आत बघा, किती उजेड आहे."

"उजेड झकास हाय. दार तेवढं पयल्यासारखं ठेव."

"अहो, पुन्हा डोकं आपटेल!"

"आपटू दे. आपटलं की आमची सुलू आतून ओरडायची, 'वाका जरा!'"

"मग काकूंनाही आणा ना एकदा. चष्मा लावून बघतील."

"ती असती, तर ती चौकट मीच काढून टाकली असती."