बारा जणींतली एक

कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची लेक बसले होते. आजोबांच्या कानात नुकतंच नवं यंत्र बसवलं होतं. लेकीनं मोबाइलवर एक जुनं गाणं लावलं.

“बाबा, येतंय ऐकू?”

“अगदी स्वच्छ! किती वर्षांनी गं! थांब, आता मागच्या बायका गातील. त्यात तुझी आई आहे.”

“आपली आई? रेकॉर्डवर?”

“मग! बारा जणींत उभी होती. तू पोटात होतीस, सातवा महिना. संगीतकार म्हणाले, बाई, खुर्ची घ्या. तर ही म्हणते, मी बसले तर आवाजही बसेल. तीन तास उभी राहून गायली!”

“मला कधी बोलली नाही ती.”

“म्हणायची, बारा जणींत माझा आवाज कोण ओळखणार?”

“तुम्हाला येतो ओळखू?”

“ही बघ, ही! सगळ्यांच्या वर चढली ना, तीच.”

“बाबा, म्हणजे त्या दिवशी मीही होते तिथे.”

“होतीस तर! तेरावी तू.”

तेवढ्यात नर्सनं हाक मारली, “आजोबा, डॉक्टरांनी आत बोलावलंय.”

“जरा थांबा हो सिस्टर, माझी बायको गातेय.”