धर्म गळ्यात, टोपी डोक्यावर

आज पाच जानेवारी, सोमवार, न् संध्याकाळच्या साठ ताटांची भाजी करायची हाय, म्हणून ह्या तुरीच्या शेंगा सोलायले मी. घ्या ताई, तुम्ही पण मूठभर घ्या, हात रिकामे ठेवून नुसतं ऐकत बसलं की माणसाला झोप येते. तुमचं ते रेकॉर्डिंग राहू द्या चालू, मला त्याचं काही न्हाई.

माझं नाव शिवकांता. माहेर उमरीचं, नांदेड जिल्ह्यातलं, बापाचं किराणा दुकान होतं. सासर निलंग्याच्या पलीकडं, तिकडं निम्मं बोलणं कानडी, म्हणून माझा पोरगा मला आई म्हणत न्हाई, अव्वा म्हणतो, न् बापाला अप्पा. लग्न झालं तवा मला दोनच गोष्टी यायच्या, भाकर थापणं न् तोंडावर बोलणं, न् पुढं घर ह्या दोन्हीवरच चाललं म्हणा. शेत थोडं, खाणारे जास्त, म्हणून लातूरला आलो. इथं डॉक्टर व्हायच्या नादानं सगळ्या मुलखाची लेकरं क्लासला येतात, त्यांना जेवू कोण घालणार, तर मी. बावीस वर्षं झाली मेसला. मालक, म्हणजे आमचे हे, भाजी आणतात, वाढतात, न् बोलत न्हाईत. तसा माणूस चांगला हाय. सकाळी आंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा, कपाळाला विभूती, डोक्यावर पांढरी टोपी, की झाला दिवस सुरू.

आता तो बोर्ड. तुम्ही आत आलात तवा दाराला नुसता खिळा बघितला असंल. तिथं बोर्ड होता. चप्पल बाहेर काढावी. बनियन-बर्मुड्यावर जेवायला येऊ नये. मीच लिहून घेतला होता. का, तर पोरं झोपेतून उठून तशीच यायची, काखेतले केस दाखवत ताटावर बसायची, न् शेजारी पोरी जेवत असतात. मी म्हणले, बापाच्या पैशानं खाता ते खरं, पण अन्नापुढं बसायची काही रीत हाय की न्हाई. आधी कुरकुर झाली, मग सवय झाली. बोर्ड गेला कसा ते सांगते, पण त्याला आधी जहाजावर जावं लागंल.

माझा पोरगा बसवराज हॉटेलचा कोर्स करून जहाजावर लागला. समुद्रात फिरायला नेतात ती मोठी जहाजं, सात-आठ मजल्यांची, आत दुकानं, पोहायचे हौद, सगळं. तिथल्या मोठ्या जेवणाच्या हॉलच्या दारात उभं राहायचं न् लोकांना टेबलापाशी न्यायचं, हे त्याचं काम. स्टाफच्या आईबापाला सवलत असती, तर त्यानं आमचं तिकीट काढलं. मुंबईहून निघायचं, तीन मुक्काम. अव्वा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या हॉलमध्ये जेवायचं, मी स्वतः तुम्हाला वाढणार, असं त्यानं फोनवर किती वेळा सांगितलं काय सांगू तुम्हाला. बावीस वर्षं आम्ही लोकांच्या लेकरांना वाढलं, आमच्या लेकरानं आम्हाला कवा वाढलं न्हाई. मालक काही बोलले न्हाईत, पण भाजीवाल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, म्हणजे यांनीच सांगितलं असणार.

त्या जेवणाला कपड्याचा नियम असतो म्हणे. बसवराजनं यादी पाठवली, पुतणीनं वाचून दाखवली. अर्धी चड्डी न्हाई, चप्पल न्हाई, बिनबाह्याचं न्हाई, टोपी न्हाई. बाईमाणसाला साडी चालते. मी म्हणले बरं हाय, हा तर आपलाच बोर्ड हाय. फक्त बूट घालून जेवायचं हे मालकांना पटंना, अन्नापाशी पायात काही कसं ठेवायचं म्हणले, पण पोरासाठी तयार झाले. गंजगोलाईच्या बाजारातून काळे बूट आणले. पाच दिवस घरात घालून फिरले, टाचा सोलल्या, तरी हूं न्हाई का चूं न्हाई.

टोपी न्हाई, ह्याच्यावर आमच्यापैकी कुणी थांबलंच न्हाई. आम्हाला वाटलं ती पोरं घालतात ती, पुढं छज्जा असलेली, कवा उलटी कवा सुलटी. यांची टोपी ही टोपी हाय, हे आमच्या डोक्यातच आलं न्हाई. सदऱ्याला जशा गुंड्या तशी ती यांच्या डोक्याला. तिला कोण टोपी म्हणतंय.

वेळ अमावस्येला शेतात जाऊन आंबील-भज्जी खाल्ली न् चार दिवसांनी निघालो. जहाज चांगलं होतं, हालत बी नव्हतं फार. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावर जेवलो, तिथं आपलं आपण वाढून घ्यायचं, कोण काय घालून येतंय कुणाला फिकीर न्हाई. एक माणूस तर ओल्या चड्डीवर उभ्यानं भजी खाऊन राहिला होता. मी यांना म्हणले, ह्याला आपल्या मेसला पाठवा, दोन दिवसांत सरळ करते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार झालो. मी इरकल नेसले. यांनी नवी पँट, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बूट, न् धुतलेली कडक टोपी. खोलीतल्या आरशात दोनदा बघितलं यांनी, हे मी पहिल्यांदा बघितलं.

दारात बसवराज काळ्या कोटात उभा. शेजारी त्याची वरची बाई, गोरी, उंच, केस वर बांधलेले. आमच्या पुढं एक सरदारजी न् त्यांची बायको होती. गोऱ्या बाईनं त्यांना वाकून नमस्कार केला, गेले आत. आमचं माहेर नांदेडकडचं, पगडीचं मला नवल न्हाई, मी आपली बघत होते. मग आम्ही. बाई माझ्या साडीला हात लावून काहीतरी गोड बोलली, न् मग यांच्या डोक्याकडं बघून बसवराजला इचारलं. माझ्या पोराचा चेहरा बघा, असा उतरला. म्हणला अप्पा, टोपी काढून हातात घ्या ना, आत चालत न्हाई. मी म्हणले, पुढं पगडी गेली की. तर म्हणला अव्वा, ते धर्माचं हाय, धर्माचं असलं तर चालतं. मग बाईनंच इचारलं, न् त्यानं मराठीत करून सांगितलं. अप्पा, ही बाई इचारते, ही टोपी तुमच्या धर्माची हाय का, हाय म्हणलात तर जा म्हणती.

आता सांगा, एवढं सोपं होतं. हाव म्हणायचं न् आत जायचं. मी यांचा शर्ट मागून ओढला, हाव म्हणा म्हणून. पोरगा डोळ्यानं सांगून राहिला, म्हणा. तर हे म्हणले, न्हाई. धर्म गळ्यात हाय, टोपी डोक्यावर हाय. ती आपली नुसती टोपी हाय. मग म्हणले, असू दे बेटा, तुझी नोकरी हाय, तुझा नियम हाय, मी वर जेवतो. वळले न् गेले. दहा पावलांवर थांबून बूट काढले, हातात घेतले, न् मोज्यावर जिना चढून गेले.

मी काय केलं म्हणता? मी आत गेले. तुम्हाला वाटंल ही कसली बाई. पण एकानं पाठ फिरवली तर रुसला म्हणतात, दोघांनी फिरवली तर त्या पोरानं त्या बाईपुढं तोंड कुठं लपवायचं. टेबलावर दोघांच्या नावाची चिठ्ठी होती. बसवराजनं वाढलं. सूप आणलं, मग पाल्याचं काहीतरी, मग पनीर. समोर मालकांची खुर्ची रिकामी, तिच्यापुढं पण त्यानं ताट मांडून ठेवलं होतं, ते उचलंना, मीच उचल म्हणले. सगळं खाल्लं मी. टाकलं न्हाई काही. चव लागली का म्हणाल तर मीठ कमी होतं.

वर आले तर हे दहीभात खाऊन बसलेले, टोपी डोक्यावर. इचारलं, पोटभर जेवलीस का? मी म्हणले हाव. भाकर होती का? न्हाई. बस, एवढंच बोलणं. दुसऱ्या दिवशी बसवराज भेटायला आला तर हे आंघोळीला गेले ते बाहेरच येईनात. उतरलो, लातूरला आलो, न् तवापासून पोराचा फोन आला की हे उठून गिरणीला जातात. दळण नसलं तरी.

मला ह्याच्यात काही समजंना झालंय. मी रात्रंदिवस ह्याच गोष्टीला इकडून तिकडून बघून राहिले. नियम चूक म्हणावं तर माझ्या दाराला बावीस वर्षं नियम टांगलेला. बरोबर म्हणावं तर नुस्त्या एका पांढऱ्या टोपीनं कुणाचं काय बिघडलं असतं? आम्ही पायातलं काढून जेवतो न् डोक्यावरचं ठेवतो, ते डोक्यावरचं काढतात न् पायातलं ठेवतात. दोन्हींत अन्नाची इज्जतच हाय की. मग चुकलं कुठं? न् धर्माचं असलं तर चालतं, मग बिनधर्माच्या इज्जतीला काही किंमत न्हाई का? न् हे तरी काय, एक हाव म्हणायला काय जात होतं? एकदा वाटतं माणूस खरा हाय, एकदा वाटतं नाहक हट्टी हाय. कवा कवा तर एकाच भाकरीला दोन्ही वाटतं, टाकताना एक न् उलटताना दुसरं.

तर बोर्ड. आल्या आल्या यांनी तो काढला न् ज्वारीच्या पोत्यामागं ठेवला. मी इचारलं, का? तर म्हणले, दारातून कुणाला परत पाठवायचं न्हाई. मी परत लावला. यांनी परत काढला. तीन वेळा झालं. न् पोरांना काय, बोर्ड गेला की बर्मुडे आले.

काल, रविवारी, काय झालं, हदगावकडचे एक आजोबा आले, नातीला क्लासला सोडायला. धोतर न् वर हातानं शिवलेली बंडी, बंडी म्हणजे बनियनच की, दंड सगळे उघडे. चप्पल मात्र बाहेर नीट भिंतीला लावून ठेवली न् डोक्याचा रुमाल सारखा करून बसले. मी ताट वाढलं. तर एक पोरगं, लई वात्रट हाय, मोठ्यानं म्हणलं, काकू, आजोबांना बनियन चालतं, मला तवा बाही फाटली म्हणून परत पाठवलं होतंत. सगळी मेस हसायला लागली. तेवढ्यात मालक हातात वरणाचं भांडं घेऊन मागून म्हणले, अगं इचार त्यांना, धर्माचं हाय का म्हणून.

दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा हसले. मी पण हसले. आजोबांना कळंना काय झालं, त्यांनी अजून एक भाकर मागितली.

आता तुम्ही उठलात तर इचारता होय, यांना टोपीचं एवढं का म्हणून? त्यात काय सांगायचं. यांचा बाप गेला तवा हे सोळा वर्षांचे. मयत उचललं त्या दिवशी बोडक्या डोक्यानं घास खाल्ला, न् दिवस झाल्यावर मामानं सगळ्यांसमोर डोक्यावर टोपी घातली, आता तू घरातला मोठा म्हणून. तवापासून बोडक्या डोक्यानं ताटावर बसले न्हाईत. तसं जेवणं म्हणजे आमच्याकडं मयताच्या दिवशीचं जेवण. काय म्हणता? पोराला हे ठाऊक हाय का? असणारच की. म्हणजे, असंल. थांबा जरा. त्याला कुणी सांगितलं असंल, मी तर न्हाई सांगितलं.

बरं, उद्या या. शेंगा संपल्या.

या ताई. सहा तारीख आज. काल तुम्ही गेलात न् ते तुमचं इचारणं डोक्यातून जाईना. सकाळी साडेसहाला मीच बसवराजला फोन लावला, जहाज बंदराला लागलं होतं. म्हणले, ऐक, मधे बोलू नको. न् सोळाव्या वर्षाचं, मयताच्या घासाचं, मामानं टोपी घातल्याचं, सगळं सांगितलं. म्हणले, तुझ्या हातचं पहिलं जेवण न् ते बोडक्या डोक्यानं खावं लागलं असतं त्यांना, म्हणून वळले, तुझ्यावर रुसून न्हाई. मग म्हणला, अव्वा, मला वाटलं अप्पांना माझ्या नोकरीची लाज वाटली. मी म्हणले, न् त्यांना वाटलं तुला टोपीची. मला कुणी सांगितलंच न्हाई अव्वा, म्हणला. खरं हाय. मी बावीस वर्षं तोंडावर बोलत आले न् जे बोलायचं ते ठेवलं.

हे दारात उभे होते, दळणाचा डबा घेऊन. सगळं ऐकलेलं. म्हणले, त्याला इचार, जेवतो का वेळेवर. मी म्हणले, तुम्हीच इचारा, मला साठ ताटांच्या भाकरी टाकायच्या हायत. फोन हातात दिला न् चुलीपाशी गेले. तिथून कान लावला तर म्हणत होते, बसवराज, ते बूट लई चावले बघ.

नियमाचं काय म्हणाल तर मला अजून न्हाई कळलं. जहाजवाल्यांनी नियम ठेवावा का काढावा, मी न्हाई सांगू शकत. हे फोनवर बोलून राहिले तोवर मी ज्वारीच्या पोत्यामागून बोर्ड काढला, पीठ लागलं होतं ते ओल्या फडक्यानं पुसलं, न् खिळ्याला लावला. जाताना यांनी बघितलं. काढला न्हाई. दळण नव्हतंच तसं, तरी डबा घेऊन गेले, आज जरा हळू गेले. बसा, भाकर गरम हाय. चप्पल काढलीत न्?