आक्काचं तळं

सुकन्या : पाट कुणी फोडला तळ्यात? आबा, मी इचारतेय, कुणी फोडला?

जोतीराम : मी. गेल्या आयतवारी पाटाच्या पाण्याची पाळी आलती आपली. उसाला देऊन पाणी उरलं. वाया घालवू व्हय?

सुकन्या : म्हणून कोळंबीच्या तळ्यात सोडायचं?

जोतीराम : बोअरचं ते खारं पाणी पिऊन जित्राबं जगायची कशी? म्हटलं, गोडं मिळू दे पोटभर. तूच म्हणालतीस, गोड्यातबी जगती म्हणून.

सुकन्या : जगती, पर सवयीनं! समुद्रातलं बियाणं हाय ते, बारकी पिल्लं. आणलं तवा आख्खा दिवस पिपापाशी बसून तांब्या-तांब्यानं पाणी मिसळलं मी. मीठ हळूहळू उतरलं तर अंगाला सोसतंय. एकदम उतरवलं की खचती, मऊ पडती, आन् आत दबलेला रोग वर येतो. बघा हितं, कवचावर. पांढरं ठिपकं दिसत्यात का?

जोतीराम : दिसत्यात. वरडू नगंस. आंधळा न्हाय मी.

सुकन्या : वरडू नको तर काय करू? आख्खं निरवांगी गाव हसत हुतं, खारवट रानात पोरगी मासं पेरतीया म्हणून. कशीबशी तोंडं बंद केलती त्यांची. आठ दिस कोकणात काय गेले, सगळं तळं मारून बसलात!

जोतीराम : सगळं न्हाय मेलं.

सुकन्या : म्हंजे?

जोतीराम : चार दिसांमागं कडंला मेलेली दिसाय लागली. मग जी टणाटणा उड्या मारत हुती, ती जाळ्यानं काढली. दोन पिपं भरली. टेम्पोनं बावड्याला नेऊन आक्काच्या तळ्यात सोडली.

सुकन्या : आत्याच्या तळ्यात?

जोतीराम : मेंढरं हुती तवा आमी हेच करायचो. कळपात मर लागली की धडधाकट जनावरं पाव्हण्याच्या कळपात धाडायची. वाचायची तेवढी वाचायची.

सुकन्या : उड्या मारणारीच्या अंगातबी रोग असतोय, आबा! तिचं तळं चांगलं हुतं. ह्या आठवड्यात काढणी हुती तिची. एकटी बाई रोज खाद्य टाकत राहिली माझ्या शब्दावर! एसटीडीवरनं एक फोन करता आला न्हाय?

जोतीराम : म्हटलं, तू घाबरशील.

सुकन्या : घाबरले असते तर बरं झालं असतं!

(द्वारकाबाई बावड्याहून येतात. हातात झाकलेली बादली.)

द्वारकाबाई : बापलेकीचं भांडण पार रस्त्यापातूर ऐकू येतंय. सुकन्ये, हे बघ गं. सकाळपासनं माझी कोळंबी कडंला येऊन बसलीया. हात लावला तरी हालंना.

सुकन्या : आत्या... ठिपकं हायत हिच्यावर.

जोतीराम : आक्का, माझ्या हातनं वाटोळं झालं तुझं. जोड्यानं मार मला.

द्वारकाबाई : मारीन मागनं. पयलं काय ते सांगा. त्यातली धडधाकट निवडून पिपात काढून ठेवलीया मी. ती आता कुणाच्या तळ्यात सोडू?