बुडीत बारवेची ऊब

ऐका. आन त्या शेकोटीत काटक्या सारा कुनीतरी, नुसतं धुराकडं बघत बसू नका. उद्या होडी घिऊन बुडीत बारवेवर जायचं ठरवलंय म्हनं तुम्ही? मासा तिथं हाय म्हनून? हाय की. मी कुठं न्हाई म्हनतोय. थंडी पडली का कुसळवाडीच्या तलावातला सगळा मासा तळ धरतो. हालत न्हाई, खात न्हाई, जाळ्यात यीत न्हाई. त्या बारवेवर तेवढा जागा असतो. तलाव व्हायच्या आधी तिथं मळा व्हता, मळ्यात पायऱ्यांची दगडी विहीर व्हती. तलाव भरला, बारव पान्याखाली गेली, पन तिचे झरे काय आटले न्हाईत. तळातनं कोमट पानी वर येतं. असल्या गारठ्यात मासा ऊब सोडून जाईल कुठं? पन तिथं आनखी कोन ऱ्हातं, ते आधी ऐका. मंग जायचं तर जा, मी काय तुमचे पाय बांधनार न्हाई.

ठकूबाई तारू. आपल्या भोईआळीतलीच. बाई हडकुळी, पन तोंड असं का पाटलाचं कुत्रंसुद्धा तिला वाट द्यायचं. तिचा नवरा लिंबाजी आदल्या थंडीत त्याच बारवेवर गेला. सकाळी होडी आपली आपन काठाला लागली, आत मानूस न्हाई. मढंसुद्धा घावलं न्हाई. आपली रीत तुम्हाला ठावं हाय. बुडालेल्याची होडी काठावर पालथी घालायची, वरीसभर तिला कुनी शिवायचं न्हाई. शिवलं तर बुडालेला तिच्या मागं घरापतुर येतो म्हनत्यात. होडी पालथी पडली. लोक म्हनाय लागले, लिंबाजीचा गिऱ्हा झाला. पान्यात मेलेला पान्यातच ऱ्हायला, आता जोडीला मानूस मागतोय.

आन वरीस सरायच्या आत ठकूबाईची लेक सुंदरा बाळंत झाली. पोरगा झाला. पन सुंदरा अशी खंगली का तिला दूधच सुटंना. पोर रडून रडून निळं पडायचं. शेळीचं दूध पाजलं, पचलं न्हाई, उलटून टाकलं. सुईन म्हनली, जिती मरळ आना, तिचा गरम रस्सा पाजा, बाळंतिनीला दूध फुटंल. आता मरळ आनायची कुठनं? पौषातली थंडी. मरळ चिखलात रुतून बसलेली. आळीतल्या समद्यांनी जाळी टाकून बघितली, शेवाळाबिगर काय आलं न्हाई. ठकूबाईचा दीर सखाहरी बाजाराला जाऊन आला, त्यानं वाळला बोंबील आनला. बोंबलानं काय व्हतंय? संध्याकाळपतुर पोराचा आवाजबी बारीक झाला. रडायचीबी ताकद ऱ्हायली न्हाई त्याला.

ठकूबाई उठली. अंधार पडलेला. काठावर गेली आन लिंबाजीची होडी एकटीनं उलथवली. सखाहरी पळत आला. वयनी, रीत मोडू नका, आळी वाळीत टाकंल, असं काय काय बोलला. ठकूबाईनं वल्हं उचललं आन म्हनली, "रीत काय पोराला दूध पाजती व्हय? पाजत असंल तर बोलवा तिला घरी."

सखाहरी बाजूला झाला.

चिखल उकरून एक बेडूक काढला व्हता तिनं. मरळीला जिता बेडूकच लागतो, तुम्हाला काय सांगायचं. बेडूक गळाला लावला, डोक्यावरनं घोंगडी घेतली, निघाली. पान्यावर धुकं. वल्हं मारायचं आन हात फुंकायचे, वल्हं मारायचं आन हात फुंकायचे. आपलाच हात आपल्याला कळंना अशी थंडी.

मधल्या पान्यात गेली आन मागनं हाक आली. सखाहरीचा आवाज. "वयनी, माघारी फिरा. पोर गेलं."

ऐकलंत का? पोर गेलं म्हनला. ठकूबाईच्या हातातलं वल्हं थांबलं. मागं बघितलं, तर काठावर कंदील हालतोय. बाई काय दगडाची नव्हती. पन ती वरडली, "गेलं असंल तर रडायला सकाळ हाय. गेलं नसंल तर भूक आत्ता हाय!" आन वल्हं मारलं. मारलं ते मारलंच. मंग कंदील हळूहळू पुढं आला, पान्यावरनं. काठ तर पार मागं ऱ्हायला व्हता. तवा तिला कळलं, हा सखाहरी न्हाई, गिऱ्हा हाय. शिव्या घातल्या तिनं, त्या मी इथं सांगत न्हाई, बाया बसल्यात.

बारवेवर पोचली. गळ सोडला. आन बघा गंमत. गळ तळाला जायच्या आत पान्यातनं एक मासा उडाला आन होडीत पडला. मंग दुसरा. मंग धपाधप. कटला, रोहू, वाम, हाताएवढे, मांडीएवढे. तुमच्यासारखा असता तर हरकला असता, टोपलं शोधलं असतं. लिंबाजी असाच हरकला असनार. मासा पडत ऱ्हायला आन होडी खाली बसत ऱ्हायली. कडेवरनं पानी आत याय लागलं. ठकूबाईनं एक एक मासा चाचपला. मरळ न्हाई. एवढ्या राशीत एक मरळ न्हाई! तिचं टकुरंच फिरलं. दोन्ही हातांनी उपसून उपसून समदा मासा पान्यात फेकला. "मी गळ टाकलाय," म्हनली. "माझ्या गळाला लागंल ते माझं. तुझी खैरात नगं मला."

पानी गप झालं. पार गप. आन गळाला वढ लागली.

मरळच व्हती. काळी, लांब, अंगावर पट्टं. झुंजली, पन ठकूबाईनं आत घेतली. दोरानं तिची बोटं कापली, तरी तिला कळलं न्हाई, बोटं तशी बधिर. वल्हं उचलाय गेली तर मूठच वळंना. तशी बसून ऱ्हायली, हात काखेत घालून. आन होडीच्या अगदी कडेला, पान्यातनं, आवाज आला. लिंबाजीचा.

"ठकू. हात गारठलं असतील गं तुझं. घाल पान्यात. हितं ऊब हाय."

बास. इतकंच बोलला. भ्याव घातला न्हाई, गुरगुरला न्हाई. मायेनं बोलला. शिव्या देनारी बाई ती, पन तिच्या डोळ्यातनं पानी आलं. वरीसभर रडली नव्हती ती. आन तिनं उजवा हात पान्यात घातला. खरंच ऊब व्हती. गोधडीत घातल्यागत वाटलं. कोपरापतुर घातला.

आन मनगट धरलं कुनीतरी.

आधी हळूच धरलं. मंग घट्ट. मंग वढाय लागलं. होडी कलली. "ठकू, ये," म्हनतोय. "ठकू, ये गं." तवा तिच्या ध्यानात आलं. अरं, लिंबाजी मला नावानं हाक मारायचा न्हाई! बघा तुम्ही, आपल्यात जुन्या वक्ताला कोन बायकूचं नाव घेत व्हतं? उभा संसार झाला, पन 'अगं ए'च्या पुढं तो कधी गेला न्हाई. ती वरडली, "मेल्या, तू माझा नवरा न्हाईस. त्यानं उभ्या जन्मात माझ्यासाठी चूल पेटवली न्हाई, तो मला ऊब दाखवतोय व्हय?"

पन बोलून काय हात सुटतोय? होडीत पानी आलं. मरळ त्या पान्यात वळवळाय लागली, आता सटकती का मंग सटकती. ठकूबाईनं डाव्या हातानं मरळ धरली. मरळीचं अंग कसं असतं? बुळबुळीत. धरता धरवत न्हाई. तिनं तीच मरळ आपल्या उजव्या मनगटावर घासली. त्या मुठीवरबी घासली. घासली, घासली, आन दिला हिसडा. हात सुटला! मरळ दातात धरली, मान चावून, आन दोन्ही हातांनी वल्हं मारलं. तोंडात मासा, त्यामुळं शिवी देता यीना, याचाच तिला लई राग आला म्हनं.

मागनं हाक येतच व्हती. "ठकू. ठकू गं." पार काठापतुर. तिनं वळून बघितलं न्हाई.

काठावर सखाहरी शेकोटी करून बसलेला. ठकूबाईनं पोराचं इचारलंच न्हाई. मासा त्याच्या हातात दिला आन म्हनली, "चूल पेटव." पोर जितं व्हतं. सुंदरा रस्सा प्याली, परत प्याली, आन दिस वर यायच्या आत तिला पान्हा फुटला. ती होडी मंग कुनी पालथी घातली न्हाई. आळीनं ठकूबाईला वाळीतबी टाकलं न्हाई. बोलायची छाती कुनाची व्हती?

तिनं म्हातारी हुईपतुर याच तलावात मासा मारला. पन बारवेवर परत गेली न्हाई. मी एकदा इचारलं, ठकूमावशी, भ्यालीस व्हय गं? माझ्यावर खेकसली. भ्यायची कशाला म्हनली. मंग तिनं सांगितलं, "अरं, तो आपला मानूस न्हाई, हे कळूनबी माझा हात निघता निघत नव्हता. इतक्या मायेनं मला कुनी बोलवलं नव्हतं. मरळीच्या बुळबुळीत अंगानं न्हाई सुटला हात, घरात पोर उपाशी व्हतं म्हनून सुटला. आता घरात कुनी उपाशी न्हाई. आता त्यानं हाक मारली, तर मी कशाला माघारी यीन?"

कळलं का? तुम्ही जवान हायसा, भुताला भीत न्हाई म्हनता. नका भिऊ. पन आपल्याला जल्मात काय मिळालं न्हाई, ते त्याला बरोबर ठावं असतं, आन तेच घिऊन तो बसलाय तिथं. मासा न्हाई मिळाला तर पिठलं खा. बारवेकडं होडी घालू नका.